वाण आणि शेजार

‘खाण तशी माती’ असे आपली एक म्हण सांगते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे दुसरी सांगते. सोयीप्रमाणे आपण दोन्ही वापरतो. परंतु कोणास शिकवावे व कोणास वगळावे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आले असल्यामुळे तो सोयीवर सोडण्याजोगा नाही. या वादात गर्भशास्त्राची साक्ष निघते. ती शेवटपर्यंत ऐकावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गर्भावस्थेत मेंदूच्या मागील भागाच्या कडेवरून काही पेशी निघून घशाजवळील कमानींत उतरतात. पहिल्या कमानीत उतरणाऱ्या जबडा घडवितात. दुसरीत उतरणाऱ्या जिभेखालील अस्थीचा काही भाग. ड्रू नोडेन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पक्षिगर्भातील जबड्याच्या भावी पेशी दुसऱ्या कमानीच्या पेशींच्या जागी बसविल्या. तेथेही जबड्याचेच भाग उगवले! पेशी आपले प्राक्तन उगमाहूनच बांधून आणते, असा सिद्धांत त्यावरून रूढ झाला.

पुढे २००० साली पॉल ट्रेनर व रॉब क्रुमलॉफ यांनी उंदराच्या गर्भात अशाच पेशी हलविल्या. पश्चमेंदूत जथ्याने राहिलेल्या पेशींनी जुनी ओळख राखली. जथ्यापासून सुटलेल्यांनी ती टाकून नव्या शेजाऱ्यांची घेतली. मग नोडेन यांचा जबडा कोठून आला? त्याचा उलगडा २००२ साली झाला. मध्यमेंदू व पश्चमेंदू यांच्या सीमेवरील ऊतक तशा कलमाबरोबर गेले, तर त्यातून स्रवणारे द्रव्य दुसऱ्या कमानीची ओळख राखणाऱ्या ‘हॉक्स-ए-२’ या जनुकास दडपते. हे जनुक निकामी केलेल्या उंदरांत दुसऱ्या कमानीतून जबड्याचे भाग निघतात, हे १९९३ पासून ठाऊक होते. म्हणजे ज्यास वाण समजले गेले, तो पेशीबरोबर आलेला जुना शेजार होता!

मनुष्य म्हणजे पेशी नव्हे, आणि शेजारही सर्वसमर्थ नव्हे. कमानीतील पेशीचे यकृत कोणताही शेजार करू शकत नाही. तथापि विचाराची शिस्त येथून घेता येते. विद्यार्थी नव्या वर्गात बसला, म्हणजे त्याची परिस्थिती पालटली असे आपण धरून चालतो. वस्तुतः घरचे कर्ज, अर्धपोटी सकाळ आणि लोकांनी लावलेली हिणकस विशेषणे त्याच्यासोबत बाकावर येऊन बसलेली असतात. तो मागे पडला की ‘रक्तातच नाही’ असा निकाल दिला जातो. आमच्या मते असा निकाल देणाराने प्रथम हे सिद्ध केले पाहिजे की, त्याच्याबरोबर जुना शेजार आला नव्हता. ते सिद्ध होईपर्यंत निकाल राखून ठेवणे ही दया नव्हे; तो केवळ न्याय होय.