टेकडीपलीकडची रेंज

ओहायो राज्याच्या आग्नेय भागात, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पायथ्याशी अथेन्स नावाची काउंटी आहे. आकाराने आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. लोकसंख्या मात्र 2020 च्या जनगणनेत जेमतेम 62 हजार. त्यातले 24 हजारांच्या आसपास लोक एकट्या अथेन्स शहरात राहतात आणि हे शहर उभं आहे ते विद्यापीठाच्या जिवावर. ओहायो विद्यापीठाची स्थापना 1804 सालची. विटांचे रस्ते, कोर्ट स्ट्रीटवरची दुकानं, हॉकिंग नदीच्या काठाने जाणारी सायकलवाट. ऑगस्टअखेर विद्यार्थी परतले की सगळं गाव बघता बघता भरून जातं. माझ्या नवऱ्याची नोकरी याच विद्यापीठातली, म्हणून संसारही इथलाच. शहरात नेट ही नळाच्या पाण्यासारखी गोष्ट आहे. असतं, म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

शहरातून उत्तरेला 13 नंबरचा रस्ता निघतो. चॉन्सी, मिलफिल्ड, जॅक्सनव्हिल, ट्रिम्बल आणि मग ग्लाउस्टर. ही सगळी एकेकाळची कोळशाची गावं. मिलफिल्डच्या खाणीत 5 नोव्हेंबर 1930 रोजी स्फोट झाला आणि 82 माणसं गेली. ओहायोच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी खाणदुर्घटना. खाणी पुढे बंद पडल्या, रोजगार गेला, माणसं मात्र बरीचशी तिथेच राहिली. या रस्त्याने गाडी चालवताना फोनवरच्या रेघा एकेक करून कमी होत जातात. मुख्य रस्ता सोडून एखाद्या ओढ्याकाठच्या फाट्याला वळलं, की फोन नुसता घड्याळापुरता उरतो.

याचं कारण साधं आहे. टॉवर असतो टेकडीच्या माथ्यावर आणि वस्ती असते खाली, ओढ्याच्या कडेने, दोन टेकड्यांच्या बेचक्यात. मोबाइलच्या लहरींना डोंगर ओलांडणं जमत नाही, दाट झाडीही त्यांना अडवते. तिथल्या लोकांना हे पुस्तकात वाचायची गरज नाही. हिवाळ्यात पानं झडली की एखादी रेघ वाढते आणि मे महिन्यात रान हिरवं झालं की तीही जाते, हे ते अनुभवाने सांगतात. कुणाच्या घरात एका ठरावीक खिडकीच्या चौकटीत फोन उभा करून ठेवलेला असतो. रेंज तेवढीच आणि तिथेच. फोनच्या जुन्या तारेवरून येणारं नेट एक्स्चेंजपासून जितकं लांब जावं तितकं मंदावतं, आणि पाचेक किलोमीटरपुढे त्यात जीवच राहत नाही. उपग्रहाचं जुनं नेट तर 36 हजार किलोमीटर वर जाऊन परत येणारं. प्रत्येक वाक्यामागे अर्धा-पाऊण सेकंद थांबून डॉक्टरांशी बोलणं कसं होतं, ते एकदा ऐकावं. अलीकडे खालून फिरणाऱ्या उपग्रहांचं नेट आलंय, ते खरोखर चांगलं आहे, पण त्याचं महिन्याचं बिल प्रत्येकाला परवडत नाही.

ग्लाउस्टरच्या बाजूच्या लोकांना संगणकावर अर्ज भरायला मदत करण्यासाठी मी सार्वजनिक ग्रंथालयात जात असते. काउंटीत या ग्रंथालयाच्या सात शाखा आहेत, लहान लहान गावांतसुद्धा. पुस्तकं तर तिथे आहेतच, पण माणसं मोठ्या संख्येने येतात ती नेटसाठी. तिथे भेटलेल्या सत्तरीच्या एका बाईंमुळे मला या सगळ्या प्रश्नाकडे नीट बघता आलं. त्या आल्या की पर्समधून एक घडी घातलेला कागद काढतात. त्यावर पेन्सिलीने कामं लिहिलेली असतात: औषधांची नवी मागणी, नातवाच्या शाळेचा फॉर्म, गाडीच्या विम्याचे पैसे, मुलीचे फोटो बघणे. एकेक काम झालं की त्यावर रेघ. नेट वापरण्याची इतकी शिस्त मी विद्यापीठातल्या कुणाच्याही हातात पाहिलेली नाही.

एकदा त्यांच्या आरोग्यविम्याच्या खात्यात शिरायचं होतं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मग पडद्यावर आलं की मोबाइलवर पाठवलेला कोड भरा. त्यांचा मोबाइल होता, पण ग्रंथालयाच्या आत त्याला रेंज नव्हती. रेंज येत होती रस्त्यापलीकडे, पोस्टासमोर. मग मी संगणकाशी बसले आणि त्या फोन घेऊन पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. कोड आला, तो त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचला, रस्ता ओलांडून दारापर्यंत आल्या आणि मला सहा आकडे सांगितले. तोवर वेळ संपला होता. दुसऱ्या खेपेला ग्रंथालयातला एक मुलगा मध्ये फुटपाथवर उभा राहिला, त्यांनी पलीकडून आकडे ओरडून सांगितले, त्याने ते माझ्यापर्यंत पोहोचवले आणि खातं उघडलं. असा कोड पाठवण्याची पद्धत ज्यांनी आखली त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण माणूस, संगणक आणि रेंज या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत असतात, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

अशा माणसांची नोंद आकडेवारीत कशी होते, ते पाहण्यासारखं आहे. घरात संगणक आणि इंटरनेट आहे का, हा प्रश्न अमेरिकेच्या जनगणना विभागाचं वार्षिक सर्वेक्षण 2013 पासून विचारतं. मोबाइलचा डेटा प्लॅनही त्यात ब्रॉडबँड म्हणून धरला जातो. म्हणजे पोस्टासमोर रेंज मिळणारा फोन बाळगणाऱ्या या बाई आणि विद्यापीठाजवळ वेगवान केबल असलेला प्राध्यापक, दोघंही ‘आहे’च्या रकान्यात. त्यात हा विद्यापीठाचा जिल्हा. वसतिगृहांतली मुलं घरांच्या या मोजणीत येत नाहीत, पण गावात भाड्याने राहणारी येतात, आणि त्यांच्यापैकी नेटशिवाय कोण राहील? त्यांच्यामुळे काउंटीची सरासरी वर जाते. त्याच विद्यार्थ्यांच्या तुटपुंज्या कमाईमुळे गरिबीचा आकडाही फुगतो आणि मग कुणीतरी म्हणतं की इथली गरिबी म्हणजे बरीचशी विद्यार्थ्यांचीच. दोन्ही बाजूंनी नुकसान होतं ते ट्रिम्बल-ग्लाउस्टरचं. त्यांच्याकडे नेट नाही हेही सरासरीत दिसत नाही, आणि त्यांची गरिबी खरी आहे हेही कुणाला पटत नाही. विद्यापीठ गावात असणं हे काउंटीचं भाग्यच आहे, असं मी मनापासून मानते. पण त्याच्या उजेडात बाजूचा अंधार मोजला जात नसेल, तर ते बोलून दाखवायला हवं.

नकाशांचा घोळ याहून मोठा होता. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे इथलं दूरसंचाराचं नियामक मंडळ, वर्षानुवर्षं कंपन्यांकडून माहिती घेत होतं ती जनगणनेच्या गटांनुसार. एका गटात एका जरी घराला सेवा देता येत असेल, तर अख्खा गट सेवा असलेला धरायचा. शहरात असा गट म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा एक चौकोन. खेड्यात तो कित्येक चौरस मैलांचा असू शकतो. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या एका घराला तार मिळाली की मागच्या बेचक्यातली सगळी घरं कागदावर जोडली जात. संसदेने 2020 मध्ये कायदा करून घरागणिक नकाशा करायला लावला आणि तो 2022 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला.

माझं माहेर कराडजवळच्या एका गावात. 2016 नंतर आपल्याकडे डेटा इतका स्वस्त झाला, की आई शेतातून मला व्हिडिओ कॉल लावते आणि उसाला पाणी कुठवर आलंय ते दाखवते. साताऱ्यातलं शेत मला अथेन्समध्ये स्वच्छ दिसतं; वीसेक किलोमीटरवरच्या त्या बाईंना मात्र मी संध्याकाळी सातनंतर फोन लावू शकत नाही, कारण तेव्हा त्या घरी असतात. अमेरिका म्हणजे सगळीकडे सगळं, असं आपण धरून चालतो. तसं आपल्याकडेही सगळं आलबेल नाही. करोनाच्या काळात सिंधुदुर्गातल्या एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला, ती बातमी सगळ्यांनी वाचली होती. त्याच 2020 च्या वसंतात इथली मुलं ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गृहपाठ पाठवत होती. इमारती बंद होत्या, पण वाय-फाय चालू ठेवलेलं होतं. शाळा-ग्रंथालयांना मिळणाऱ्या सरकारी सवलतीतलं नेट बंद काळातही लोकांना वापरू द्यायला नियामक मंडळाने मार्चमध्येच मुभा दिली होती. रात्री गाड्या ओळीने उभ्या असत. हीटरसाठी इंजिन चालू, मागच्या सीटवर धाकटं भावंड झोपलेलं, स्टिअरिंगवर लॅपटॉप टेकवलेला. या मुलांच्या जिद्दीचं कौतुक बरंच झालं. मला त्या कौतुकाने बरं वाटत नाही. ज्या वेळी झोपायचं त्या वेळी मुलं पार्किंगमध्ये बसली, ती जिद्द म्हणून नव्हे. त्यांना दुसरा इलाज नव्हता.

पैशांची मदत आली नाही असं नाही. कमी उत्पन्नाच्या घरांना नेटच्या बिलात महिना 30 डॉलरची सवलत देणारी केंद्राची योजना 2021 च्या अखेरीस सुरू झाली आणि देशभरात 2 कोटी 30 लाखांहून अधिक घरं तिच्यात आली. निधी संपला आणि 1 जून 2024 रोजी योजना बंद झाली. त्या उन्हाळ्यात ग्रंथालयात येणाऱ्यांची गर्दी वाढलेली मी पाहिली. शिवाय, जिथे तारच गेलेली नाही तिथे बिलातली सवलत घेऊन करायचं काय? तार टाकण्याचा खर्च मैलावर ठरतो आणि इथे एका मैलात मोजकीच घरं. कंपनीने नफ्याचा हिशेब मांडला तर तो कधीच जुळणार नाही.

विजेचाही जुळत नव्हता. 1930च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या शहरी घरांपैकी सुमारे 90 टक्के घरांत वीज होती आणि शेतावरच्या घरांत दहातल्या जेमतेम एका. रूझवेल्ट यांच्या सरकारने 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा केला, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज देऊन खांब रोवायला लावले. ओहायोच्या ग्रामीण भागांत आजही वीज देणाऱ्या सहकारी संस्था आहेत. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला हा मार्ग ओळखीचा वाटतो आणि नेटसाठीही तोच खरा वाटतो. देशात काही ठिकाणी वीज-सहकारी आणि टेलिफोन-सहकारी संस्थांनी आपल्याच खांबांवरून फायबर नेलेलं आहे. ज्याची स्वतःची वस्ती त्या रस्त्याच्या टोकाला आहे, तो शेवटचं घर सोडून देत नाही.

2021 च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात ब्रॉडबँडसाठी 4,245 कोटी डॉलर ठेवले गेले. ओहायोच्या वाट्याला सुमारे 79 कोटी आले. यातला पैसा कुठे जायचा, ते ठरतं नकाशावरून. म्हणून नकाशावरचा प्रत्येक ठिपका महत्त्वाचा. त्या बाईंचं घर आम्ही नकाशात शोधलं तेव्हा तिथे एका कंपनीची वेगवान सेवा उपलब्ध असल्याचं दाखवलेलं होतं. त्यांनी त्या कंपनीला फोन करून आधीच विचारलेलं होतं. तुमच्या रस्त्यावर सेवा नाही, हे उत्तर त्यांच्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं. नकाशातल्या नोंदीवर कुणाही रहिवाशाला हरकत घेता येते, मात्र अर्ज ऑनलाइन. तो आम्ही ग्रंथालयातून भरला, वहीच्या पानाचा फोटो जोडला. उत्तर द्यायला कंपनीला साठ दिवस असतात. त्या मुदतीत कंपनीने दावा मागे घेतला आणि ते घर नकाशावर सेवा नसलेलं म्हणून नोंदलं गेलं. तार अजून आलेली नाही. त्या रस्त्यावरच्या बाकीच्या घरांचे पत्ते बाईंनी पेन्सिलीने लिहून आणलेत, आणि दर वेळी त्यातल्या एक-दोन घरांचे अर्ज आम्ही भरतो आहोत.