उतारवयातील शिष्यत्व

“फादर, आता आमचा काय उपयोग?” निवृत्त झालेल्या माणसांच्या तोंडून हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तो हसत हसत विचारला जातो, परंतु विचारणाऱ्याच्या डोळ्यांत हसू नसते. उत्तरादाखल आम्ही धर्मग्रामातील कामांची यादी पुढे करतो: आजाऱ्यांच्या भेटी, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम, मुलांचे धर्मशिक्षण. यादी चांगली असते, पण प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते.

कारण ‘उपयोग’ हा शब्द अवजाराला शोभतो. कोयता बोथट झाला की तो अडगळीत जातो. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, त्याचे मोल त्याच्या धारेवर ठरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे मोल धावपळ करणाऱ्या तिच्या नातवाइतकेच आहे. तेव्हा आपण अजून उपयोगी आहोत हे सिद्ध करण्यासाठी वृद्धांनी सेवा करावी, असे म्हणणे ख्रिस्ती विचाराला धरून होणार नाही. मग उतारवयात सेवेला बाहेर पडावयाचे ते कशासाठी?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेम रात्रीच्या वेळी प्रभू येशूकडे येतो. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा जन्म कसा घ्यावा, हा त्याचा प्रश्न आहे. तो लोकांचा गुरू होता. त्याला शिष्य व्हावयाचे होते, आणि ते दिवसाढवळ्या जमण्याजोगे नव्हते. उतारवयातील खरी अडचण हीच नव्हे काय? गुडघे दुखतात, दृष्टी अधू होते, हे खरे. पण त्याहून अधिक अवघडलेली असते ती वडीलकी. घरात आपला शब्द अखेरचा, कचेरीत आपली सही अखेरची, अशी चाळीस वर्षे गेल्यावर “मला हे येत नाही, शिकवाल का?” असे म्हणावयास जीभ वळत नाही.

ती वळलेली आम्ही एकदा पाहिली. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड ह्या तालुक्यांत घरांची कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. भात गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. ज्यांची वाडी गेली, त्यांचे तेवढे आयुष्य पुढे ढकलले गेले. त्यातच कोरोनाची साथ होती आणि वृद्धांनी घराबाहेर पडू नये अशी सरकारची सूचना होती.

पुढल्या वर्षी, 2021 च्या मृगात, रोपे लावावयास म्हसळ्याच्या बाजूला जी मंडळी गेली, त्यांत आम्ही होतो आणि आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षकही होते. साठी ओलांडलेली, दोन्ही लसी झालेल्या. पस्तीस वर्षे त्यांनी विज्ञान शिकविले होते. त्यांनी दोरी लावून सरळ रेषा आखल्या आणि रोपांना भरपूर ऊन मिळावे म्हणून मोकळी जागा निवडली. वाडीची मालकीण, त्यांच्याहून वयाने मोठी आणि शाळेची पायरी न चढलेली, पदराने घाम पुसत म्हणाली, “मास्तर, तुमच्या पुस्तकात दुपारचं ऊन भाजतं का?” कोवळ्या पोफळीला पश्चिमेचे ऊन सोसत नाही, आधी केळीची सावली द्यावी लागते, हे तिला हाताने ठाऊक होते. मास्तरांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते बाजूला जाऊन बसले. मग उठले आणि तिला म्हणाले, “आजी, कुठे खणू ते सांगा.”

परतीच्या वाटेवर ते आम्हांला म्हणाले, “फादर, पस्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले, पण उत्तर मला ठाऊक असलेलेच. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न मी आज पहिल्यांदा विचारला.”

सेवेतून वृद्ध माणूस जे शिकतो ते हेच. नोकरी आपल्याला अधिकारासह काम शिकविते. अधिकाराविना काम करण्याची शाळा पुढे उघडते. तेथे पगार नसतो, बढती नसते, आपला हुद्दा कोणी विचारत नाही. उरतो तो समोरचा माणूस आणि त्याची गरज.

आणि ती गरज नीट पाहिली की तिच्यापलीकडची दुसरी दिसू लागते. ह्याचे उदाहरण कोकणच्याच मातीत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म 1858 चा, बालपण दापोलीजवळच्या मुरूडचे. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. विधवांचे दुःख जाणून घेताना सर्वच स्त्रियांच्या शिक्षणाचा प्रश्न समोर आला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. एवढ्यावर कोणीही कृतार्थ होऊन स्वस्थ बसला असता. परंतु 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. आणि 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, माणसामाणसांतील भेद मिटावा म्हणून समता संघ. विधवा, मग स्त्री, मग खेडूत, मग मनुष्यमात्र, असे वर्तुळ वाढत गेले. वयाबरोबर माणसाचे जग आक्रसत जाते असे आपण समजतो. येथे ते वयाबरोबर रुंदावले.

येथे एक शंका उपस्थित होते. आपली वाढ व्हावी म्हणून सेवा करणे हा सूक्ष्म स्वार्थ नव्हे काय? संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. म्हणून हेतू आणि फळ ह्यांत भेद केला पाहिजे. मास्तर म्हसळ्याला गेले ते नम्रता शिकावयास नव्हे, रोपे लावावयास. नम्रता हे फळ होते, आणि तेही आधी अपमानाच्या रूपाने आले. जो केवळ स्वतःच्या समाधानासाठी जातो तो आभार मिळाले नाहीत की थांबतो. आणि जो गरजेसाठी जातो, त्याला आपल्याहून बरा माणूस आला की जागा सोडून देता येते. ही कसोटी आम्हां धर्मगुरूंनाही लागू आहे, आणि तिला आम्ही नेहमी उतरतो असे नाही. समितीतील खुर्ची वीस वर्षे न सोडणारा ज्येष्ठ सेवक आणि त्याला न उठविणारा धर्मगुरू, दोघेही एकाच मोहाचे बळी आहेत.

कुटुंबांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. नातवंडे सांभाळणे हे मोठे प्रेमाचे काम आहे. पण आजीला न विचारता ते तिच्यावर सोपविले तर ती सेवा राहत नाही, वेठ होते. सेवा ही स्वेच्छेनेच घडते. आजीला “नाही” म्हणण्याची मोकळीक असेल तरच तिच्या “हो”ला अर्थ आहे.

आणि ज्यांचे हातपाय थकले त्यांचे काय? शेवटच्या भोजनाच्या वेळी पेत्र प्रभूला पाय धुऊ देईना. दुसऱ्याचे पाय धुण्याहून स्वतःचे धुऊ देणे त्याला कठीण वाटले. ज्याने उतारवयात अधिकाराविना सेवा करण्याची सवय लावून घेतली, त्याला पुढे दुसऱ्याच्या हातून सेवा घेणेही कमी जड जाईल, असे आम्हांस वाटते. म्हसळ्याच्या त्या वाडीत मास्तरांनी जे गिरविले, ते ह्याही धड्याचे पहिले अक्षर होते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी व वृद्धांसाठी नेमून दिला. त्या दिवशी आपण त्यांचा सत्कार करतो, शाल घालतो, फोटो काढतो. ते जरूर करावे. मात्र त्याच दिवशी आपल्यातील एखाद्या ज्येष्ठाजवळ बसून, “अजून काय शिकावेसे वाटते?” असेही विचारून पाहावे. “आता आमचा काय उपयोग?” ह्या प्रश्नाहून तो प्रश्न त्यांना अधिक शोभतो.

मास्तर अजूनही पावसाच्या तोंडावर म्हसळ्याला जातात. दोरी बरोबर नेतात. फक्त ती लावण्याआधी आजीला विचारतात.