दोष कुणाच्या पदरी?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या सकाळी आम्ही सगळे फराळाला बसलो होतो. आईने अनारशांचे ताट मध्ये ठेवले आणि दादाचा हात सवयीने तिकडे गेला. वहिनीने ताट उचलून हळूच माझ्या पुढ्यात सरकवले. दादाला मधुमेह निघून जेमतेम तीन महिने झाले होते. "जिभेवर ताबा असता तर ही वेळ आलीच नसती," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, धास्ती होती; पण दादाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आई पदराला हात पुसत म्हणाली, "त्याला नको गं बोलूस. माझ्याकडूनच गेलंय ते त्याच्यात. माझंच रक्त." आई स्वतः पंधरा वर्षे गोळ्या घेते आहे.

मग कुणी काही बोलले नाही. मी मुलांना मराठी शिकवणारा मास्तर, वैद्यकातले मला काय कळणार? पण ती दोन वाक्ये मनातून जाईनात. एकीने दोष वागणुकीला दिला, दुसरीने रक्ताला. एकीच्या म्हणण्याप्रमाणे दादा अपराधी, दुसरीच्या म्हणण्याप्रमाणे आई. मिळेल ते वाचले, एका डॉक्टर मित्राला पुष्कळ पिडले, आणि जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. बोलतो आहे तो प्रौढपणी होणाऱ्या, डॉक्टर ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात त्या मधुमेहाविषयी.

आमच्या घरातला हा वाद नवा नाही. सुश्रुताने या रोगाचे दोनच प्रकार सांगितले आहेत: आईबापांच्या बीजातून आलेला तो सहज, आणि अपथ्य आहाराने ओढवून घेतलेला तो दुसरा. म्हणजे आईचा पक्ष आणि वहिनीचा पक्ष फार जुने आहेत. या दोन पक्षांच्या कात्रीत माणसे कशी सापडतात, तेही आम्ही पाहिले. पुतणीचे लग्न जवळपास ठरले होते. मुलाकडच्यांनी "घरात कुणाला शुगर आहे का?" असे विचारले, दादाने खरे ते सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी आधीच पाहिलेली होती. त्या रात्री दादा अंगणात एकटाच बसून होता. मला म्हणाला, "माझं मी भोगीन रे. पण पोरीने काय केलं?"

तेव्हा आधी रक्ताचेच पाहू. जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९६२ साली एक प्रश्न विचारला: हा रोग जर रक्तातून येतो आणि माणसाला इतका छळतो, तर तो इतक्या पिढ्या टिकला कसा? त्याने सुचवलेले उत्तर असे, की एके काळी तो दोष नव्हता, गुण होता. आज पोटभर आणि उद्या उपास अशा दिवसांत ज्याचे शरीर मिळालेले अन्न चटकन साठवून ठेवी, तो दुष्काळातून वाचे. सुकाळ आला आणि तीच काटकसर अंगाशी आली. कल्पना मोठी मोहक होती. पण पुढे शोध घेता तसा एकच एक काटकसरी जनुक काही सापडला नाही. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांना एक ठळक जनुक मिळाला, त्यानंतर शेकडो मिळाले. मात्र प्रत्येकाचा वाटा थोडा. जो सर्वांत वजनदार, त्याची एक प्रतही धोका सुमारे दीडपटीपर्यंतच नेते. म्हणजे रक्त साक्ष देते, निकाल देत नाही.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात पिमा लोक राहतात. ते स्वतःला नदीची माणसे म्हणवतात. त्या नदीच्या पाटांवर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांनी वरच्या अंगाला पाणी वळवून घेतले आणि खालची शेते वाळली. पुढे सरकारी शिध्याचे पीठ, चरबी आणि साखर त्यांच्या ताटात आली. १९६५ पासून सरकारी संशोधक त्यांची नियमित तपासणी करू लागले, तेव्हा जगात क्वचितच कुठे असेल इतका मधुमेह त्यांच्यात आढळला. आता याच लोकांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात हातांनी शेती करून राहतात. दोघांची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. अ‍ॅरिझोनात शंभरांत ३८ जणांना मधुमेह, डोंगरातल्या भाऊबंदांत शंभरांत सुमारे ७ जणांना. रक्त एकाच कुळाचे. फरक पडला तो ताटाचा आणि कष्टाचा.

हे वाचून वहिनीचा पक्ष जिंकला असे वाटेल. पण क्षणभर थांबावे. नदी वळवली कुणी? पिमा माणसाने जिभेचे चोचले पुरवण्यासाठी आपले शेत स्वतःच वाळवले होते काय? ज्याला आपण मोठ्या तोऱ्यात वागणूक म्हणतो, तिच्यातही दुसऱ्यांनी केलेला भाग किती असतो!

आता इतक्या दूरवरून घराजवळ येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची एक गंमतीची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांच्या उंची-वजनाचे प्रमाण अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१. दिसायला सडपातळ, आतून स्थूल. हे येते कुठून, याचा शोध याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चालवला होता. तिथल्या बायकांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्या काय खातात, किती राबतात, याची नोंद झाली. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी भरले होते आणि कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ साली मांडले होते, की गर्भात उपासमार सोसलेले शरीर काटकसर शिकूनच जन्माला येते. पुढे याच खेड्यांतली मुले सहा वर्षांची झाली तेव्हा दिसले, की ज्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची खोड अधिक होती.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. म्हणजे आई म्हणाली ते खरेच! शास्त्रानेही शेवटी बोट तिच्याकडेच दाखवले. हे तिला सांगायचे कसे?

पण मग तिचे जेवण आठवले. आमच्या लहानपणी बाबा जेवत, मग आम्ही मुले, मग आलेगेले, आणि शेवटी आई. पातेल्याच्या तळाची आमटी आणि उरलेली भाकरी. दूध तिच्या वाट्याला चहापुरते. तिची आईही अशीच जेवली असणार. आता दोष द्यायचा तर कुणाला? आईला? तिच्या आईला? की ती जेवली का, हे एकदाही न विचारणाऱ्या घराला? दोषाच्या मागे निघाले की बोट मागे मागे जात राहते आणि कुठेच टेकत नाही.

मग जबाबदारी कुणाचीच नाही काय? इथेच आपण चुकतो असे मला वाटते. दोष आणि जबाबदारी ही एकाच नाण्याची नावे आहेत असे आपण धरून चालतो. खेड्यातला कुणीही सांगेल की तसे नाही. बापाची जमीन नावावर झाली की सातबाऱ्यावरचा बोजाही येतो. कर्ज मुलाने काढलेले नसते, त्याला कुणी चोर म्हणत नाही. पण शेत राखायचे तर फेडावे त्यालाच लागते. शरीराच्या सातबाऱ्यावरही असाच बोजा चढलेला असतो.

आणि तो काही अंशी फिटतो, हे सिद्ध झाले आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना अमेरिकेत बेताने खायला आणि नेमाने चालायला लावले, तेव्हा तीनेक वर्षांत त्यांच्यातला नवा मधुमेह इतरांपेक्षा शेकडा ५८ ने कमी निघाला; हा निष्कर्ष २००२ चा. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या पाहणीत, २००६ साली, तो लाभ शेकडा २८ च्या घरात दिसला. लाभ खरा आहे. पण पुरा नाही, हेही तितकेच खरे. नेमाने चालूनही ज्यांना मधुमेह झालाच, त्यांना आपण काय म्हणणार? जिभेवर ताबा नव्हता असे? म्हणून रुग्णाला पथ्य सांगावे, लाज देऊ नये. लाज वाटली की माणूस तपासायला जात नाही, लपून खातो आणि लग्नाच्या बैठकीत खोटे बोलतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने आपल्याकडे दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी तेरा कोटींहून अधिक. मग निष्कलंक रक्ताचे घर शोधायला निघालेले ते वरपक्षाचे लोक कुठवर जाणार आहेत? सून आणताना तिच्या बापाची साखर विचारण्यापेक्षा ती आल्यावर तिच्या ताटात काय वाढणार, हे त्यांनी स्वतःला विचारले असते तर पुढच्या पिढीचे अधिक भले झाले असते.

मी आईला एवढेच सांगितले, "तू दिलंस ते तुलाही कुणी दिलेलं होतं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा कुणाला ठाऊक होतं रे?" तेव्हा ठाऊक नव्हते हे खरे. आता ठाऊक आहे, आणि म्हणून बोजा आता आमच्याकडे आहे.

या दिवाळीत आमच्या घरी एक बदल ठरला आहे. पहिल्या पंगतीला आई, वहिनी आणि पुतणी बसणार. वाढायला आम्ही पुरुष. दादा रोज पहाटे चालायला जातो, सोबत वहिनीही जाते. पाडव्याला त्याच्या पानात अर्धा अनारसा असेल, आणि तो खाताना त्याच्या पानाकडे कुणी बघायचे नाही, असे वहिनीनेच सर्वांना बजावले आहे.