अनाथपण केव्हा संपते?

वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याचा दिवस घरात वाढलेल्या मुलासाठी आनंदाचा असतो. त्या रात्री तो नेहमीच्याच अंथरुणावर झोपतो आणि सकाळी आई त्याला नेहमीसारखी न्याहारी वाढते. परंतु ज्याचे पालकत्व शासनाने किंवा संस्थेने पत्करले आहे, त्याच्यासाठी तोच दिवस घर सुटण्याचा ठरू शकतो. एका रात्रीत त्याच्यात असे काय बदलले? आपली जबाबदारी वयाने संपते की अन्य कशाने, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. आई-वडिलांपासून दुरावलेल्या अनेक मुलांना तेथे दुसऱ्या कुटुंबात ठेवून सांभाळले जाते; आपल्याकडे यास प्रतिपालकत्व म्हणतात. पूर्वी हा आधार बहुधा अठराव्या वर्षी तुटत असे. २००८ च्या कायद्याने तो एकविसाव्या वर्षापर्यंत देऊ इच्छिणाऱ्या राज्यांना केंद्राचे अर्थसाहाय्य खुले झाले. कॅलिफोर्नियात २०१२ पासून ही मुदतवाढ लागू आहे. युवकाने शिकावे, महिन्याला किमान ८० तास काम करावे अथवा कामाची तयारी करावी, अशी अपेक्षा असते. प्रकृतीमुळे हे शक्य नसलेल्यांस सूट आहे. काहींना देखरेखीखाली स्वतंत्र राहता येते व निर्वाहाची रक्कम थेट त्यांच्या हाती देता येते. बाहेर पडलेल्यास एकविसाव्या वर्षाआधी परतण्याची वाटही खुली आहे.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि धर्माच्या आधारानेही घेतला जाऊ शकतो. वयात आल्यानंतर अनाथपण उरत नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मग धडधाकट तरुणाला आधार देत राहणे म्हणजे त्याला परावलंबी करणे नव्हे काय?

उत्तर दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसाच्या सहाव्या आयतीत आहे. अनाथांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन केव्हा करावी, हे तेथे सांगितले आहे. विवाहयोग्य वय होणे पुरेसे नाही. त्यांच्यात 'रुश्द', म्हणजे व्यवहाराची समज, दिसली पाहिजे आणि त्यासाठी पालकाने त्यांना पारखत राहिले पाहिजे. वय आपोआप वाढते, समज मात्र कुणाच्या तरी सावलीत घडते. थोडी रक्कम हाती देऊन तरुणाचा व्यवहार पाहावा, असे फिकहशास्त्रज्ञ सांगतात ते यासाठीच. समज दिसत नसेल तर मालमत्ता पंचवीस वर्षांपर्यंत रोखून ठेवावी, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत आहे. ही आयत मालमत्तेविषयी आहे, हे खरे. पण ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्यालाही केवळ वयाच्या भरवशावर सोडायचे नाही, तर ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला कसे सोडता येईल?

मग त्या हदीसचा अर्थ काय? तिने 'अनाथ' ही संज्ञा संपते, नाते संपत नाही. ज्यांचे वडील ठाऊक नाहीत ते तुमचे धर्मबंधू आहेत, असे सूरह अल्-अहजाब शिकविते. बंधुत्वाला वयोमर्यादा नाही. तो गरजू असेल तर जकातीवरील त्याचा हक्कही वयामुळे बुडत नाही.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र पाहा. आजोबांच्या निधनानंतर आठ वर्षांच्या या अनाथ बालकाला चुलते अबू तालिब यांनी घरी नेले. पुढे प्रेषितांनी मेंढ्या राखल्या, व्यापार केला, पंचविसाव्या वर्षी विवाह केला. तरी चुलत्यांनी हात सोडला नाही. चाळिशीनंतर सारी मक्का विरोधात उभी राहिली तेव्हाही ते अखेरच्या श्वासापर्यंत ढाल बनून राहिले. या आधाराने प्रेषित परावलंबी झाले काय? उलट, चुलते अडचणीत आले तेव्हा त्यांच्या मुलाला, ह. अली (रजि.) यांना, प्रेषितांनीच आपल्या घरी वाढविले. आधार मिळालेलाच पुढे आधार देतो.

आपल्या देशातही २०१५ चा बाल न्याय कायदा संस्थेतून बाहेर पडणाऱ्या युवकांच्या अनुरक्षणाची तरतूद करतो. हे साहाय्य एकविसाव्या आणि अपवादात्मक स्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देता येते. या तरतुदीची माहिती त्या युवकापर्यंत पोहोचविणे हेही पुण्यकर्मच आहे. पण कायदा फार तर छप्पर आणि पैसे देईल. खोलीच्या भाडेकरारावर जामीन कोण राहील? मुलीच्या निकाहची बोलणी कोण करील? ईदच्या नमाजनंतर तो कुणाच्या घरी जाईल? आपण यतीमखान्यांना देणग्या देतो, पण तेथून निघालेली मुले आज कोठे आहेत, हे किती वेळा विचारतो?

प्रत्येक वस्तीने आपल्या यतीमखान्यातून या वर्षी कोण बाहेर पडणार आहे, एवढे जरी विचारले आणि त्यातील एकाला जरी हक्काचे दार दिले, तरी ही सुरुवात होईल. अल्लाह आम्हांस ती सद्बुद्धी देवो. आमीन.