डोळे मिटता येतील अशी जागा

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रोझा पार्क्स यांचा मार्च १९७३ मधला एक फोटो आहे. १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या त्याच या बाई. फोटोत त्या साठ वर्षांच्या आहेत. पोटावर झोपून, हात मागे नेऊन त्यांनी पाय धरले आहेत. धनुरासन! बसमधल्या रोझा पार्क्स आपल्याला पुस्तकांतून भेटतात, या मात्र भेटत नाहीत. अन्यायाशी झुंजणाऱ्या शरीरालाही सैल व्हायला जागा लागते, हे इतिहास सांगताना नेहमी राहून जातं.

अशी जागा म्हणजे काय, हे मला न्यू जर्सीत मुलीकडे गेले असताना कळलं. घराजवळच्या योगवर्गात गेले होते. गुळगुळीत लाकडी जमीन, भिंतीवर ॐ, मंद दिवे. दारातल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ‘नवशिक्यांचा वर्ग उद्या असतो’ असं सांगितलं. पंचवीस वर्षं पुण्यात आसनं करते आहे, हे सांगायचंही मला सुचलं नाही. आत माझ्या रंगाचं दुसरं कुणी नव्हतं. कुणी वावगं बोललं नाही, पण शवासनात माझे डोळे काही मिटेनात.

पुढच्या आठवड्यात मुलीची एक कृष्णवर्णीय मैत्रीण मला तिच्या चर्चच्या तळघरातल्या वर्गाला घेऊन गेली. फी म्हणून दाराशी ठेवलेल्या डब्यात जमेल ते टाकायचं. पंधरा-वीस जणी, बहुतेक पन्नाशीपुढच्या. दोघी लोखंडी खुर्च्यांवर बसून आसनं करत होत्या. शिकवणाऱ्या बाई कुणालाही हात लावण्याआधी विचारायच्या. शेवटी दिवे घालवले आणि थोड्याच वेळात कुणीतरी घोरू लागलं. कुणी हसलं नाही, कुणी उठवलं नाही. ते घोरणं ऐकता ऐकता माझेही डोळे मिटले.

शवासनाला ताकद लागत नाही, भरवसा लागतो. मे २०१८ मध्ये येल विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या सामाईक खोलीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला अभ्यास करता करता झोप लागली. तिथल्याच एका गोऱ्या विद्यार्थिनीने पोलीस बोलावले आणि आपण इथेच राहतो हे तिला ओळखपत्र दाखवून पटवावं लागलं. नुसता डोळा लागणंही जिथे संशयाला पुरतं, तिथे अनोळखी माणसांत डोळे मिटून पडायचं तरी कशाच्या भरवशावर? अमेरिकेत गौरेतरांनी, म्हणजे गोऱ्या नसलेल्यांनी, आपले वेगळे योगवर्ग काढले आहेत. ते का, याचं उत्तर मला तरी इथे मिळतं.

त्यावर आक्षेप ठरलेला आहे: योग सगळ्यांचा, मग कुंपण कशाला? २०१५ मध्ये सिएटलमध्ये गौरेतरांसाठी चालणाऱ्या एका वर्गाने गोऱ्या मंडळींना न येण्याची विनंती केली, तेव्हा रेडिओवरून गदारोळ उठला, धमक्या आल्या आणि वर्ग बंद पडला. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. दारावर रंग पाहून माणूस परत पाठवणं कुणालाही खटकावं. पण सिएटलमध्ये योगवर्गांचा तुटवडा नव्हता. गोऱ्या माणसाला जायला शहरभर जागा होत्या, वेगळ्या वर्गात येणाऱ्यांना ती एकच होती. दार लावून घेणं आणि दाराबाहेर ठेवणं या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. साहित्याला कसली आली जात, असा सूर तेव्हापासून लागला. पण त्या वेगळ्या मांडवामुळे मराठी साहित्य फुटलं नाही, रुंद झालं. पुढे १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी ‘दलित पँथर’ उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांचं नाव घेऊनच.

नाव आपण घेतलं, पण त्या पँथरांची एक गोष्ट आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही. एरिका हगिन्स ही त्यांची कार्यकर्ती. जानेवारी १९६९ मध्ये तिच्या नवऱ्याचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा मुलगी तीन आठवड्यांची होती. त्याच वर्षी तिला अटक झाली. तान्ह्या लेकीपासून तुटलेली एरिका तुरुंगाच्या एकांतकोठडीत आपली आपण ध्यान शिकली. १९७१ मध्ये आरोप रद्द होऊन ती सुटली आणि पुढे पँथरांच्या ऑकलंडमधल्या शाळेची संचालक झाली. त्या शाळेत मुलं ध्यानाला बसत. तिने ध्यान धरलं ते फॅशन म्हणून नाही, कोसळून पडू नये म्हणून.

‘योग आमचा’ असं अभिमानाने म्हणणाऱ्या आपण भारतीयांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. १९२८ मध्ये मायामीच्या पोलीसप्रमुखाने परमहंस योगानंदांची व्याख्यानं बंद पाडली होती. रंगावरून दार लावलं जाणं आपल्याही वाट्याला आलं आहे. आणि घरी परतल्यावर मला आमचाच वर्ग वेगळा दिसू लागला. पहाटे हॉल झाडून सतरंज्या घालणाऱ्या मावशींची पाठ आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दुखते. पंचवीस वर्षांत त्यांना ‘तुम्हीही बसा’ असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना मज्जाव कुणी केला नव्हता. न्यू जर्सीत मलाही कुणी केला नव्हता.

चर्चच्या तळघरातल्या त्या खुर्च्या मला ओळखीच्या वाटल्या होत्या. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आले. ज्यांचा हात जमिनीला पोचत नाही, गुडघा वाकत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी लाकडी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वापरात आणल्या आणि तो सरंजाम जगभर पसरला. त्रिकोणासनात हाताखाली वीट घेतली म्हणून आसन खोटं ठरत नाही. उलट विटेमुळेच छाती उघडते आणि श्वास पुरता भरता येतो. वेगळा वर्ग ही तशीच वीट आहे. ती कधी काढायची, हे शेजारच्या चटईवरून बघणाऱ्याने ठरवू नये. ज्याचा हात, त्याने ठरवावं.