आधी ठरवा, मग बघा

डाळ शिजण्याआधी मीठ घातलं की ती शिजत नाही, असं घरोघरी सांगतात. सासूनं सांगितलं, सुनेनं पाळलं, विषय संपला. खरं तर हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही, कुकर पुरतो. एकाच पुड्यातली तूरडाळ दोन सारख्या डब्यांत घ्यायची, पाणी मोजून तेवढंच आणि मीठ एकातच. शिट्ट्या अर्थातच सारख्या, कारण कुकर एकच. खालचा डबा जास्त तापतो अशी शंका आली, तर दुसऱ्या दिवशी डबे खालीवर करायचे. आणि डाळ बोटांनी चेपून बघणाऱ्याला मिठाचा डबा कोणता ते कळू द्यायचं नाही. (चाखायची परवानगी नाही, हे ओघानं आलंच.) माझा स्वतःचा संशय मिठापेक्षा बोअरच्या जड पाण्यावर आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन घट्ट राहतं आणि दाणा लवकर मऊ होत नाही. पण माझ्या संशयालाही हीच परीक्षा लागू.

चेपणाऱ्याला अंधारात ठेवण्याचा नियम आपण हमखास गाळतो. उत्तर आधीच ठाऊक असलं की बोटंही त्याचीच री ओढतात.

अंधारात ठेवून घ्यायच्या परीक्षेचं एक उदाहरण चहाचं आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात शैवालतज्ज्ञ म्युरिएल ब्रिस्टल यांनी दावा केला, की कपात दूध आधी ओतलं की चहा, हे त्यांना चवीवरून कळतं. कोणीही हसून सोडून दिलं असतं. तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी सोडलं नाही. १९३५च्या आपल्या पुस्तकात त्यांनी असा प्रयोग मांडला: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणजे निव्वळ अंदाजानं चारही बरोबर येण्याची शक्यता ७०त एक. आणि चारांतले तीनच बरोबर आले तर? आपण टाळ्या पिटू. पण तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येणं ७०त १७ वेळा नुसत्या नशिबानं घडतं, जवळजवळ चारात एकदा! ‘आमच्या ज्योतिषी गुरुजींचं बहुतेक खरं ठरतं’ हे वाक्य इथं जरा थांबवून बघावं.

गुरुजींची तशी परीक्षा पुण्यात झालीही. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. १०० मुलं हुशार, १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० पत्रिका, आणि प्रश्न एकच: हे मूल कोणत्या गटातलं? सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. सगळ्यांत सरस ठरलेल्याची ४०पैकी २४ होती.

या निकालावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात दुसरंच काही मोठं वाटतं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि २७ जणांनीच उत्तरं धाडली. आपण चुकीचे ठरू शकतो अशा ठिकाणी ते २७ जण स्वतःहून उभे राहिले. पत्रिका घेऊन गप्प बसलेल्यांपेक्षा, आणि एकही पत्रिका न तपासता ज्योतिषाला नावं ठेवणाऱ्यांपेक्षाही, ते विज्ञानाच्या जास्त जवळ होते.