गुरूविषयींचा आदर : कर्तव्य कीं कमाई?

मुलांस शिक्षकांविषयीं आदर राहिला नाहीं, ही तक्रार प्रत्येक पिढी नव्यानें करीत असते. तिच्या मुळाशीं एक समजूत असते, ती ही कीं, आदर हें शिष्याचें कर्तव्य असून शाळेचा उंबरठा ओलांडतांनाच तें त्यानें पत्करलें पाहिजे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

लहान मूल शिक्षकास सहज मान देतें. त्यांत भीतीचा व संवयीचा भाग पुष्कळ असतो. बाराव्या-तेराव्या वर्षापासून मात्र तें तोलूं लागतें. घरच्या माणसांचा अन्याय तें मायेच्या खातीं मांडून विसरतें. शिक्षकाशीं असें नातें नसतें. त्याच्या आयुष्यांत न्यायासनावर बसलेला पहिला परका मनुष्य म्हणजे शिक्षक होय. म्हणून त्याच्या वर्तनावरून मूल केवळ त्या व्यक्तीविषयीं नव्हे, तर ती ज्या विद्येच्या नांवानें बोलते त्या विद्येविषयींही मत बनवितें.

दोन प्रसिद्ध विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून हें स्पष्ट होईल. दोघांपुढें प्रश्न एकच होता : संस्कृत कीं फारसी?

राजकोटच्या हायस्कुलांत गांधीजींस संस्कृत जड जाऊं लागलें. संस्कृतचे शिक्षक कडक, फारसीचे सौम्य. म्हणून एके दिवशीं ते फारसीच्या वर्गांत जाऊन बसले. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांस वाईट वाटलें. त्यांनीं शिक्षा केली नाहीं. जवळ बोलावून, अडेल तें मजकडे येऊन विचार, असें सांगितलें. मुलगा लाजला आणि परतला. पुढें आत्मकथेंत गांधीजींनीं त्यांचें नांव कृतज्ञतेनें नोंदविलें आहे.

मुंबईंत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांस संस्कृत शिकावयाचें होतें. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींतले म्हणून त्यांस नकार मिळाला व फारसी घ्यावी लागली. एकास वर्ग सोडून जातांना शिक्षकानें परत बोलाविलें. दुसऱ्यास दाराशींच अडविलें गेलें. तथापि आंबेडकरांची विद्येवरील निष्ठा ढळली नाहीं. संस्कृताचा अभ्यास त्यांनीं पुढें स्वप्रयत्नानें केला, आणि १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली.

मग अन्यायानें बिघडलें काय, असें कोणी विचारील. हा युक्तिवाद फसवा आहे. सोसूनही ज्यांनीं विद्या सोडली नाहीं त्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात. ज्यांनीं पाटी खालीं ठेवली ती पुनः उचललीच नाहीं, त्यांचें चरित्र कोण लिहितो? शिवाय १९०७ सालीं आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हां कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांच्या हातीं दिलें, हें विसरतां कामा नये. एक दार बंद झालेल्या मुलास दुसरें उघडून देणाराही शिक्षकच होता.

यावरून दिसतें कीं, कडकपणानें आदर जात नाहीं. पंड्याही कडकच होते. तो जातो अपमानानें, तूं येथला नव्हेस असें जाणवून देण्यानें. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली, हें योग्यच झालें. परंतु आडनांव ऐकून बदललेला स्वर, किंवा मंद ठरवून मागच्या बाकावर केलेली कायमची रवानगी, हीं कायद्याच्या हातीं क्वचितच सांपडतात.

मग शिष्याचें कर्तव्य कांहींच नाहीं काय? आहे. शिक्षकाच्या दोषाबद्दल विद्येस शिक्षा करूं नये, हें तें कर्तव्य. पण चौदा वर्षांच्या मुलास हा भेद एकट्यानें करतां येत नाहीं. तेथें आईबापांचें काम सुरू होतें. मूल तक्रार घेऊन आलें असतां, गुरुजी चुकणार नाहींत म्हणून त्याचें तोंड बंद करणें आणि त्याच्यादेखत गुरुजींची टवाळी करणें, हे दोन्ही मार्ग घातक आहेत. पहिल्यानें न्यायावरचा विश्वास उडतो, दुसऱ्यानें विद्येवरचा. त्याचें ऐकून घ्यावें, खरें असल्यास शाळेंत जाऊन बोलावें, आणि त्याच संध्याकाळीं त्याच विषयाचें पुस्तक घेऊन त्याच्याजवळ बसावें.

आम्हां शिक्षकांनीं मात्र आदर हें येणें समजून वसुलीस निघूं नये. देण्याची सुरुवात आमच्याकडून व्हावयाची आहे.